स्लॅबच्या वर काय टाकायचं ते शेवटी ठरवा, आधी त्याचं पोट तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशकातल्या सिडकोतलं, फक्त तळमजल्याचं घर, वडिलांनी १९८६ साली घेतलेलं. ६२० चौरस फुटांचा स्लॅब, त्यावर आजवर दोनदा कोबा, म्हणजे पाणी अडवायला विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर, झालेला. तीन पावसाळे हॉल आणि स्वयंपाकघर गळतंय. यंदा दिवाळीच्या साफसफाईत स्वयंपाकघराच्या छताचा ताटाएवढा पोपडा खाली आला आणि आत गंजलेल्या सळ्या दिसल्या. मागच्या खोलीवर सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांनाही तडे. तीन ठेकेदार येऊन गेले. एक म्हणतो केमिकलचे दोन हात मारू, दुसरा म्हणतो नवा कोबा करू, तिसरा म्हणतो वरून सांगाडा उभारून पत्रा टाकू. दिवसभर घरात आई एकटी असते. काय करावं?

नाशकात गेली अठ्ठावीस वर्षं मी हेच काम करतोय. त्यामुळे सगळ्यात आधी आईंबद्दल बोलतो. जिथे पोपडा पडला त्याच्या आजूबाजूचा भागही सुटलेला असणार, दिसत नसला तरी. हे वाचून झालं की लांब काठीने ते छत ठोकून बघा. डोक्यावर काही तरी घ्या आणि एका बाजूला उभे राहा. खणखणीत आवाज आला तर काँक्रीट धरून आहे. बद्द, पोकळ आवाज आला तर तिथला थर सळईपासून सुटलाय. जिथे जिथे बद्द वाजेल तिथे खडूने खूण करा आणि त्या खुणांच्या खाली ओटा, गॅस किंवा आईंची बसायची जागा येत असेल तर ती आजच हलवा. एखादा मिस्त्री बोलावून छताला टेकू म्हणून दोन-तीन लोखंडी जॅक लावून घ्या, वर फळी आणि खाली फळी. सेंट्रिंगवाल्यांकडे ते भाड्याने मिळतात. बाकीचा विचार मग शांतपणे करता येईल.

आता तीन ठेकेदारांचं. तिघांचीही कामं आपापल्या जागी बरोबर असतात. पण तिघांनीही स्लॅबच्या वर काय टाकायचं एवढंच सांगितलं. स्लॅब स्वतः उभा राहण्याच्या लायकीचा आहे का, हे कोणी सांगितलं नाही. सळई उघडी पडलेल्या घरात पहिला प्रश्न तोच असतो.

आत काय घडलंय ते समजून घ्या. काँक्रीट नवं असताना त्यात भरपूर अल्कली असते आणि तिच्यामुळे सळईवर एक संरक्षक पापुद्रा राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साईड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि ती अल्कली मारत जातो. त्या काळच्या स्लॅबला सळईखाली जेमतेम अर्धा-पाऊण इंच कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, असायचं, अनेक ठिकाणी तेवढंही नाही, कारण सळई सरळ फळीवर टेकवून काँक्रीट ओतलेलं असे. तीस-पस्तीस वर्षांत हा मार सळईपर्यंत पोचतो. वरून पाणी झिरपत असेल तर गंज धरतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. तुमच्या ओट्यावर पडला तो हाच थर.

आता वजनाचा हिशेब करा. साडेचार इंची आरसीसी स्लॅबचं वजन चौरस फुटाला साधारण २७ किलो. साडेचार इंची विटांच्या कोब्याचं साधारण २०. म्हणजे तुमचा स्लॅब सोळा-साडेसोळा टनांचा, आणि त्यावर एकेक कोबा बारा-साडेबारा टनांचा, तो पूर्ण जाडीचा असेल तर. दोन कोबे म्हणजे स्लॅबच्या स्वतःच्या वजनाच्या दीडपट ओझं तो आधीच वाहतोय. दुसरा ठेकेदार त्यावर तिसरा ठेवायला निघालाय. वर हजार लिटरची टाकी असेल तर ती भरल्यावर आणखी एक टन, तोही चार विटांच्या खुर्चीवर एका जागी. जुना कोबा न उखडता नवा करू देऊ नका, कोणी कितीही स्वस्तात करून दिला तरी.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. धंद्यात नवा असताना पंचवटीतल्या एका घरावर मी स्वतः कोब्यावर कोबा केला होता. मालकांना मलबा उतरवायचा आणि वाहून न्यायचा खर्च नको होता आणि मी हो म्हणालो. पहिला पावसाळा कोरडा गेला, सगळे खूश. दुसऱ्या वर्षी श्रावणात, रात्री, मागच्या खोलीचं छत मधोमध बसलं. माणसं पुढच्या खोलीत झोपली होती म्हणून वाचली. तो स्लॅब मी माझ्या खर्चाने पुन्हा टाकून दिला, पण त्या घरातल्या आजींचा चेहरा अजून डोळ्यांसमोर येतो. तेव्हापासून छताचं पोट ठोकल्याशिवाय मी दर सांगत नाही.

म्हणून पहिला खर्च स्ट्रक्चरल इंजिनिअरचा करा. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीची तपासणी महापालिकाही मागते, त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत. वरवर बघून ‘चालेल’ म्हणणारा नको. तीन गोष्टी तुमच्यासमोर करायला सांगा. पहिली, सुटलेलं काँक्रीट काढून सळईची जाडी कॅलिपरने मोजणं, मूळ आठ किंवा दहा मिलिमीटरची सळई आता किती उरली ते. दुसरी, फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर हे द्रावण शिंपडलं की जिथे अल्कली शिल्लक आहे तो भाग गडद गुलाबी होतो, मेलेला भाग रंगतच नाही. गुलाबी रेषा सळईच्या वर सरकली असेल तर त्या सळईला आता काँक्रीटचं संरक्षण राहिलेलं नाही. ही चाचणी स्वस्त आहे, दोन मिनिटांची आहे आणि घरमालकाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसते, म्हणून मला ती फार आवडते. तिसरी, रिबाउंड हॅमरने वेगवेगळ्या जागी काँक्रीटचा कणखरपणा बघणं.

अहवालातून साधारण दोन वाटा निघतात.

पहिली, नुकसान ठिकठिकाणी आहे पण सळई बऱ्यापैकी शाबूत आहे. मग दुरुस्ती होते. सुटलेलं सगळं काढायचं, आणि सळईच्या फक्त खालून नाही, मागून बोट जाईल इतकं. इथे बरेच मिस्त्री हात आखडतात. तारेच्या ब्रशने गंज घासून सळई चकचकीत करायची, झिंकचा प्रायमर, मग जुन्याला नवं चिकटवणारा बाँडिंग कोट, आणि तो ओला असतानाच पॉलिमर मॉर्टर थराथराने भरायचं. जिथे सळई बारीक झाली आहे तिथे शेजारी नवी सळई जोडायची, दोन्ही बाजूंनी पुरेशी लांबी चढवून. साधं सिमेंट-वाळू थापून वर पुट्टी मारली तर दोन पावसाळ्यांत तोच तुकडा पुन्हा खाली येतो, या वेळी जास्त जड होऊन. आणि पोपडे झाकायला पीओपीचं छत तर मुळीच नको. त्याच्या वर काय चाललंय ते तुम्हाला कधीच दिसणार नाही.

दुसरी वाट, सळ्या मोठ्या भागात खाल्ल्या गेल्या आहेत आणि स्लॅब मधे झुकला आहे. तेव्हा स्लॅब उतरवून नवा टाकणं हेच शहाणपणाचं. तुमच्या वर्णनावरून स्वयंपाकघरापुरती तरी ही वेळ आलेली असेल असं मला वाटतं, हॉल कदाचित दुरुस्तीवर निभावेल. ते इंजिनिअरला ठरवू द्या. जुनी सिडकोची घरं बहुतेक विटांच्या भिंतींवर उभी आहेत, त्यांना कॉलम नाहीत. तिथे स्लॅब भिंतींना वरून बांधूनही ठेवतो. एकदम सगळा फोडला आणि भिंती उघड्या राहिल्या तर त्या हलतात. शिवाय शेजारच्याशी सामाईक भिंत असते, तिच्यावर त्यांचाही स्लॅब टेकलेला असतो. शेजाऱ्यांना आधी सांगा, त्यांच्या घराचे फोटो काढून ठेवा, नंतरचे वाद टळतात. जॅक लावल्याशिवाय ब्रेकर सुरू करू देऊ नका, आणि मलबा स्लॅबवर साठवू देऊ नका, जसा निघेल तसा उतरवायचा.

नवा स्लॅब टाकताना दोन गोष्टींवर मी अडून बसतो. सळईखाली सिमेंटचे कव्हर ब्लॉक, दगडाचे चिप्पे नाहीत. आणि पाणी. आपल्याकडे हिवाळ्यातली हवा कोरडी असते, मार्चनंतर तर ऊन आणि वारा मिळून स्लॅबचं पाणी दुपारपर्यंत पिऊन टाकतात. कडेने वाफे बांधून पाणी भरून ठेवायचं, किमान दहा दिवस, नुसतं सकाळ-संध्याकाळ पाईप मारणं पुरत नाही. टेकू काढायचं सांगायचं तर भारतीय मानक साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्याला चौदा दिवस सांगतं, पण ते हवा पंधरा अंशांखाली जात नसेल तर. नाशकात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली उतरतो, निफाडला तर पाचच्या खाली. अशा दिवसांत मी छोट्या खोलीलाही चौदा दिवस टेकू हलवत नाही.

इथवर छत भक्कम झालं. आता कुठे वॉटरप्रूफिंगचा विषय येतो, आणि त्यातही आधी पाणी कुठून येतं ते शोधावं लागतं, कारण डाग जिथे दिसतो तिथून पाणी क्वचितच शिरलेलं असतं. कोब्याखाली गेलेलं पाणी उतार धरून दहा-बारा फूट सरकतं आणि मग जिथे फट मिळेल तिथे टपकतं. आईंना विचारा, फक्त पावसात गळतं की जानेवारी-फेब्रुवारीतही डाग ओला लागतो? गंगापूर रोडच्या एका बंगल्यात तीन वर्षं गच्चीला रंगावर रंग दिले जात होते. मी गेलो तेव्हा भर हिवाळ्यात डाग ओला होता. सोलरच्या टाकीचा गरम पाण्याचा पाईप कोब्यातून नेला होता, त्याचा जोड गळत होता. गच्चीचा काही दोषच नव्हता.

शोधायची सोपी रीत म्हणजे गच्चीचे भाग पाडून एकेका भागात पाणी सोडणं आणि प्रत्येकात वेगळा रंग कालवणं. रंगपंचमीचा उरलेला रंग चालतो, आपल्याकडे रहाडींमुळे, म्हणजे रंगपंचमीला रंगाने भरायच्या जुन्या हौदांमुळे, तो घरोघरी असतोच. एका भागाला पूर्ण दिवस द्या. पण तुमच्या बाबतीत हे स्लॅबची दुरुस्ती झाल्यावरच करा. पूर्ण गच्चीवर दोन इंच पाणी साठवलं की तुमच्याकडे जवळपास तीन टन वजन वाढतं, आणि आज तो स्लॅब त्या परीक्षेला बसवण्यासारखा नाही.

माझ्या अनुभवात गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तो कोपरा, पावसाच्या पाईपचं तोंड, टाकीच्या खुर्चीचे पाय आणि कठड्याचा माथा. मधल्या सपाट भागातून पाणी त्या मानाने कमी शिरतं. त्याचं कारणही आहे. एप्रिलच्या उन्हात गच्चीचा पृष्ठभाग भाजतो आणि जानेवारीच्या पहाटे गारठतो. चाळीस अंशांचा फरक धरला तर तीस फूट लांब काँक्रीट साडेतीन मिलिमीटरच्या आसपास लांब-आखूड होतं. कठडा तेवढा हलत नाही. मग चीर पडते ती दोघांच्या सांध्यातच. म्हणून तिथे गोल वाटा, म्हणजे कोपरा भरणारी सिमेंटची गोलाई, मारावा लागतो आणि वॉटरप्रूफिंग कठड्यावर निदान फूटभर चढवावं लागतं. पिंपळाचं रोप असेल तर वरून उपटू नका, मूळ आत राहतं आणि पुन्हा फुटतं. सांधा खोदून मूळ काढा.

तुमच्यासाठी माझी पसंती अशी: दोन्ही जुने कोबे काढा, स्लॅब दुरुस्त करा किंवा जिथे लागेल तिथे नवा टाका, आणि मग एकच कोबा नीट करा. आधी सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ रबडी, विटांचे तुकडे मॉर्टरमध्ये बसवून सांधे भरायचे, त्यावर दोन-तीन दिवस पाणी, खालून ओल दिसत नाही याची खात्री, मग वरचा गुळगुळीत थर, चौकटी आखून. उतार दहा फुटांना सव्वा इंचाच्या खाली नको. आणि साडेचारशे चौरस फुटांना एक चार इंची पाईप, म्हणजे तुमच्या गच्चीला दोन. जुन्या घरांत एकच तीन इंची पाईप असतो, त्याच्या तोंडाशी पाला अडकला की गच्चीचं तळं होतं. कितीही चांगला कोबा असला तरी तळ्याखाली तो हरतो. इंजिनिअरने वजन नको म्हटलं तर कोब्याऐवजी पातळ उताराचा थर आणि त्यावर मेंब्रेन (पाणी अडवणारं पातळ आवरण) किंवा पीयू (पॉलीयुरेथेन) कोटिंग, दर काही वर्षांनी ते नव्याने करायची तयारी ठेवून.

पहिल्या ठेकेदाराचं केमिकल वाईट नाही. अॅक्रिलिकचं कोटिंग चांगल्या, कोरड्या, उतार असलेल्या गच्चीवर, सांध्यांत फायबरची जाळी घालून केलं तर तीन ते पाच वर्षं काम देतं. पण ते चामडीसारखं आहे, मोडलेलं हाड त्याने जुळत नाही. ओल्या स्लॅबवर मारलं तर पहिल्याच उन्हाळ्यात फुगे येतात.

पत्र्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण नाशकात आता गल्लोगल्ली गच्चीवर पत्रे दिसतात. भक्कम स्लॅबवर ते उपयोगी आहेत, पाऊसही अडतो आणि ऊनही. पण तुमच्या आजच्या स्लॅबवर पत्रा टाकणं म्हणजे फक्त पाणी थांबवणं, सुटलेले पोपडे आईंच्या डोक्यावर तसेच राहतील. शिवाय सांगाड्याचे पाय बहुतेक जण स्लॅबच्या मधोमध कोब्यात भोकं पाडून बोल्टने आवळतात. गळती थांबवायला पत्रा, आणि पत्र्यासाठी नवी भोकं! पाय भिंतीच्या किंवा बीमच्या वरच आले पाहिजेत. चार इंची कठड्यावर भरोसा ठेवू नका. मे महिन्यातला वळीव पत्र्याला खालून उचलतो, त्याच्याबरोबर कठड्याच्या विटा रस्त्यावर आलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि काम सुरू करण्याआधी महापालिकेच्या नगररचना विभागात विचारून घ्या, बाजू बंद केलेलं शेड आणि उघडं शेड यांत फरक करतात.

मागच्या खोलीचे सिमेंटचे पत्रे मात्र बदलाच, आणि तिथे रंगीत लोखंडी पत्राच बरा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. फोडायचे नाहीत, कापायचे नाहीत, वरून ढकलून द्यायचे नाहीत. पाण्याने भिजवून, हुक सोडवून, अख्खे उतरवायचे, आणि काम करणाऱ्या मुलांच्या तोंडाला नीट बसणारा मास्क हवा, रुमाल नाही. आईंना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा. त्या पत्र्यांवर कोणालाही पाय देऊ देऊ नका, जुना पत्रा पायाखाली न सांगता फुटतो. नव्या पत्र्याची जाडी रंगासकट सांगतात की बिनरंगाची, ते विचारा, अर्धा मिलिमीटर म्हणून ०.४५ मिलिमीटरचा खपवतात. उताराच्या दिशेला एका पत्र्यावर दुसऱ्याचा सहा इंच चढ, स्क्रू उंचवट्यावर, रबराच्या वॉशरसकट, आणि इतकाच आवळायचा की वॉशर दबेल, फाटणार नाही. आतून उष्णतेसाठी इन्सुलेशन घाला, नाहीतर एप्रिलमध्ये त्या खोलीत कोणी बसणार नाही.

कौलांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जुन्या नाशकातल्या आणि त्र्यंबकच्या लोकांसाठी दोन ओळी. मंगलोरी कौलं सहसा खराब होत नाहीत, खालच्या रीपा आणि वासे होतात. चौरस मीटरला पंधराच्या आसपास कौलं बसतात, म्हणजे पस्तीस-चाळीस किलो, ओली झाली की आणखी. वासा वाळवीने पोकळ झालेला असताना नुसती कौलं शाकारून घेणं पुरत नाही. उतार फुटाला सात इंचांच्या आसपास हवा. वाड्याचं छत उतरवताना मात्र भिंती मातीच्या असतात हे विसरू नका, एक दिवसही त्या उघड्या पावसात ठेवायच्या नाहीत.

आता वेळेचं. काम जानेवारीत सुरू करा. पेठ-सुरगाण्याकडून येणारे मजूर द्राक्षांच्या हंगामात बागांवर जातात, आणि जूनमध्ये आवणीसाठी, म्हणजे भाताच्या लावणीसाठी, घरी परततात, त्यामुळे उशीर केला तर पैसे देऊनही माणसं मिळत नाहीत. जॅक, तोडणं, स्लॅब, पाणी, टेकू, कोबा, पुन्हा पाणी असं धरलं तर दोन-अडीच महिने जातात. मार्चअखेर सगळं आटोपलं की एप्रिल-मेचं ऊन त्याला वाळवायला मिळतं आणि चीर पडायची असेल तर ती पावसाआधीच दिसते.

ठेकेदाराकडून लेखी घ्यायचं ते असं: जुना कोबा पूर्ण काढणं आणि मलबा वाहून नेणं दरात धरलेलं आहे का, नव्या कोब्याची जाडी पाईपच्या तोंडाशी किती आणि टोकाला किती, पाणी साठवून किती तास तपासणार. अठ्ठेचाळीस तास मागा. सगळे पैसे काम संपल्यावर देऊ नका, दहा टक्के पहिले दोन मोठे पाऊस होईपर्यंत ठेवा. जो याला नाही म्हणतो त्याला आपल्या कामाची खात्री नाही. आणि फिनॉल्फ्थॅलिनची चाचणी झाली की त्याचा फोटो आणि सळईचं माप कळवा. हॉलचा स्लॅब वाचवता येईल का, हे मला त्यावरून अधिक नेमकं सांगता येईल.